'मेहेरबान साहेब' ते 'लोकसेवक': शासकीय संबोधनांच्या शिष्टाचाराची समीक्षा (माहीम-पालघर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

माहीम हे आज पालघर शहराजवळचे, केळव्याच्या जोडीने 'केळवे-माहीम' या नावाने ओळखले जाणारे किनाऱ्यावरील एक गाव आहे. एकेकाळी मात्र ते तालुक्याचे ठिकाण होते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या प्रदेशाचे वर्णन 'माहीम' तालुका म्हणूनच आलेले आहे. पुढे रेल्वेमार्गावरील पालघरचे महत्त्व वाढले, कचेरी तिकडे गेली आणि तालुक्याचे नावही बदलले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयासाठी ठाणे गाठण्याची गरज उरली नाही. शासन आणि नागरिक यांच्यातील भौगोलिक अंतर अशा रीतीने निश्चितच कमी झाले.

परंतु शासन आणि नागरिक यांच्यात आणखी एक अंतर असते. ते मैलांत मोजता येत नाही. अर्जाच्या पहिल्या ओळीत, खिडकीवरच्या प्रश्नात, क्रियापदाच्या प्रत्ययात ते दिसते. नागरिक अधिकाऱ्याला काय म्हणतो आणि अधिकारी नागरिकाला काय म्हणतो, यांतील तफावत म्हणजे हे दुसरे अंतर होय. प्रस्तुत लेखात या अंतराची समीक्षा करावयाची आहे. पदव्या आणि संबोधने यांच्या ज्या सुधारणा आपल्याकडे झाल्या, त्या जवळजवळ सर्वच 'वरच्याला काय म्हणावे' या प्रश्नाभोवती फिरल्या; 'वरच्याने समोरच्याला काय म्हणावे' हा प्रश्न धोरणाच्या पातळीवर क्वचितच विचारला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. लोकशाहीतील शिष्टाचाराची खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

पदव्यांची दीर्घ परंपरा

उत्तर कोकणाला पदव्यांची परंपरा जुनी आहे. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८ (इ. स. ९२६) चा राष्ट्रकूटकालीन ताम्रपट या दृष्टीने फार बोलका आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणच्या मंडलाचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिपतीचा त्यात उल्लेख असून त्याचे नाव 'मधुमति' असे दिलेले आहे. 'मुहम्मद' या नावाचे हे संस्कृत रूप असावे, असे अभ्यासकांनी मानले आहे. परदेशातून आलेल्या, भिन्न धर्माच्या अधिकाऱ्यालाही राजभाषेने आपल्या पद्धतीचे गोड नाव देऊन सामावून घेतले. त्यानंतरच्या शिलाहारांच्या लेखांत 'महामंडलेश्वर' आणि पंचमहाशब्दांचा मान मिळाल्याचे सांगणारी लांबलचक बिरुदे येतात. सत्तेवर असलेल्याला शोभेल असा शब्द शोधण्यात भाषा कधीच कमी पडलेली नाही, एवढे यावरून दिसते.

या पदव्यांचे पुढे काय होते, हेही याच भागात पाहावयास मिळते. पाटील, देसाई, चौधरी, राऊत, म्हात्रे ही इकडची नित्याची आडनावे. त्यांतील 'म्हात्रे' या शब्दाचा संबंध 'महत्तर' या जुन्या ग्रामाधिकाऱ्याच्या पदाशी, तर 'राऊत' याचा 'राजपुत्र' या शब्दाशी जोडला जातो. पद वंशपरंपरागत झाले की ते पद राहत नाही, ते आडनाव होते. कर्तव्य सरते आणि मान तेवढा मागे उरतो. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. पण 'पाटील' या संबोधनातील वजन त्या कायद्याने उतरले नाही, हे कोणत्याही गावकऱ्याला ठाऊक आहे.

मराठीच्या इतिहासात शासकीय पदनामांची पहिली मोठी, हेतुपूर्वक केलेली सुधारणा शिवकाळातील आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबिराचे सुमंत आणि सरनौबताचे सेनापती. राज्य आपले झाले तर त्याचे शब्दही आपले असावेत, ही त्यामागील दृष्टी निःसंशय मोलाची होती. तथापि हा बदल अधिकाऱ्यांच्या नावांचा होता. अधिकारी आणि रयत यांच्या परस्पर बोलण्याचा तो विषय नव्हता आणि त्या काळात तो तसा असावा ही अपेक्षाही अन्यायाची ठरेल.

पत्रव्यवहारात हीच श्रेणी मायन्याच्या रूपाने बांधली गेली. कोणास कोणत्या शब्दांनी लिहावे हे सांगणारी 'मेस्तके' हेमाद्री पंडिताच्या नावाशी जोडली जातात. पेशवाईतील पत्रांत श्रीमंत, राजमान्य राजश्री, वेदशास्त्रसंपन्न, अखंडितलक्ष्मीअलंकृत या विशेषणांवरूनच पत्र वरच्याला लिहिले आहे, बरोबरीच्याला की खालच्याला, हे कळते. १७३९ च्या प्रारंभी चिमाजीअप्पांच्या मोहिमेत माहीम आणि तारापूर पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले, तेव्हा या किनाऱ्यावर केवळ झेंडाच बदलला नाही. अधिकाऱ्याला हाक मारण्याची रीतही बदलली. कपितान गेला आणि मराठी अंमलाचे कमाविसदार, मामलेदार आले. इंग्रजी अमदानीने त्यांतील 'मामलेदार' हा शब्द ठेवून घेतला आणि त्याच्या डोक्यावर 'कलेक्टर साहेब' बसवला. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर हे किताब सरकारनिष्ठेचे मोल म्हणून वाटले गेले. कायदेमंडळाच्या सभासदासाठी असलेल्या इंग्रजी आदरदर्शक उपपदाचा 'नामदार' असा अनुवाद झाला आणि नामदार गोखले आपल्या वाङ्मयात स्थिर झाले. याच काळात, १८८३ साली, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारी कामगारांपुढे दीनवाण्या झालेल्या शेतकऱ्याचे चित्र रेखाटले. कचेरीचा विचार दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने करणारे असे लेखन त्यापूर्वी विरळाच होते.

कायद्याने काय साधले?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. लष्करी आणि शैक्षणिक बहुमान सोडून राज्याने कोणताही किताब देऊ नये, असे तो सांगतो. संविधान सभेतील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी किताब न स्वीकारणे हा हक्क नसून नागरिकत्वासोबत येणारे कर्तव्य आहे, या अर्थाची भूमिका मांडली होती. पद्म पुरस्कारांविषयीच्या बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे पुरस्कार किताब नाहीत असा निर्णय दिला. मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असेही बजावले. निमंत्रणपत्रिकांवर 'पद्मश्री' छापण्याचा प्रघात त्यानंतरही चालू राहिला, ही गोष्ट वेगळी.

येथे एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. किताब रद्द करणाऱ्या अनुच्छेद १८ च्या अगदी आधी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ येतो. एक माणसाला कृत्रिमपणे उंच करणाऱ्या शब्दांचा निषेध करतो, दुसरा माणसाला कृत्रिमपणे खाली ढकलणाऱ्या व्यवहाराचा. या दोन अनुच्छेदांचे शेजार अर्थपूर्ण मानले, तर संबोधनांच्या सुधारणेचे दोन अर्धे भाग दिसू लागतात. त्यांपैकी वरच्या भागाकडे आपण वारंवार लक्ष दिले. २००६ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने न्यायाधीशांना 'माय लॉर्ड' म्हणण्याऐवजी पर्यायी संबोधने सुचविली. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कारकिर्दीत 'महामहिम' हे संबोधन देशांतर्गत व्यवहारातून बाजूला सारून 'राष्ट्रपती महोदय' असे म्हणण्याचे ठरले. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना दूरध्वनीवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचे आवाहन केले. नोव्हेंबर २०२५ मधील शासन निर्णयाने आमदार-खासदार कार्यालयात आल्यास अधिकाऱ्यांनी उठून अभिवादन करावे आणि सौजन्याने वागावे, अशा सूचना दिल्या.

या सर्व उपायांची गुणवत्ता काहीही असो, त्यांची दिशा पाहावी. राष्ट्रपती, न्यायाधीश, आमदार यांना कसे संबोधावे याची काळजी त्यांत आहे. दूरध्वनीवरचे अभिवादन तेवढे सर्वांसाठी आहे. पण त्या अभिवादनानंतर पलीकडच्या माणसाशी 'तू' म्हणून बोलावे की 'तुम्ही' म्हणून, याबाबत ते मौन पाळते. खालच्या भागापुरता कायदा बोलतो तो अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारास प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या अधिनियमात. जातिवाचक अपमान हा तेथे गुन्हा आहे. परंतु जातीचे नाव न घेताही एका सर्वनामाने तेच काम होऊ शकते आणि सर्वनामाविरुद्ध तक्रार कोठे करावयाची?

अर्जाचा मायना

आता प्रत्यक्ष लेखनव्यवहाराकडे वळू. तहसील कार्यालयाच्या आवारात बसणारा अर्जलेखक आजही अर्जाची सुरुवात 'मे. तहसीलदार साहेब' अशी करतो. दिवाणी दाव्याच्या शिरोभागीही 'मे.' असतेच. हे 'मे.' म्हणजे 'मेहेरबान' या शब्दाचा संक्षेप आहे, हे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानातही नसते. व्यापारी पेढीच्या नावामागील 'मेसर्स'चे 'मे.' आणि हे 'मे.' एकच, असा समज असणारे सुशिक्षितही आढळतात. अर्थ विसरला गेला म्हणून संबंध विसरला जातो असे मात्र नाही. मेहेरबानाकडे मागावयाची असते ती मेहेरबानी, हक्क नव्हे. काही अर्जांत 'मा. तहसीलदार सो.' असे दुहेरी आदराचे रूप येते. त्यात 'माननीय' आणि 'साहेब' दोघेही आखूड होऊन एकाच वेळी हजर असतात. पुढे 'सविनय सादर', 'कृपावंत होऊन', 'विनंती विशेष' अशी वळणे घेत अर्ज शेवटी 'आपला आज्ञाधारक' या शब्दांवर येऊन टेकतो.

हे कोण शिकवते, असा प्रश्न विचारल्यास उत्तर आपल्यापाशीच येते. शालेय पत्रलेखनात 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले. मुख्याध्यापकांपुढे ते कदाचित शोभतही असेल. परंतु सातबाऱ्याचा उतारा किंवा जातीचा दाखला मागणारा प्रौढ नागरिक कोणाच्या आज्ञेत असतो? त्याच्या अर्जाला उत्तर येते तेव्हा भाषा पालटते. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' या कर्मणी रचनेत कळवणारा अधिकारी अदृश्य होतो. अर्जदार स्वतःला वाकवून पुढे येतो, कार्यालय स्वतःला पुसून मागे राहते. नकार कोणी दिला हे वाक्यावरून कळू नये, अशीच ही रचना आहे.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खालील महाराष्ट्रातील अर्जाचा नमुना पाहावा. 'प्रति, जन माहिती अधिकारी' असे पदनाम, नंतर अर्जदाराचे नाव, पत्ता आणि हव्या असलेल्या माहितीचा तपशील. त्यात मेहेरबान नाही, कृपा नाही, आज्ञाधारकही नाही. त्यामुळे तो उद्धटही वाटत नाही. हक्कावर आधारलेला कायदा झाला की मायना आपोआप सरळ होतो, हे या एका कागदावरून सिद्ध होते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानेही सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. कायद्याच्या भाषेत जो माणूस हक्कदार आहे, तोच अर्जलेखकाच्या भाषेत अजून याचक आहे. ही विसंगती केवळ शैलीची नाही.

क्रियापदातील श्रेणी

किताब रद्द करता येतात, कारण ते नावापासून वेगळे काढता येतात. मराठीतील श्रेणी मात्र व्याकरणात मुरलेली आहे. तू, तुम्ही आणि आपण अशी द्वितीय पुरुषाची तीन रूपे आणि त्यांना अनुसरून 'ये', 'या', 'यावे' अशी क्रियापदे. तृतीय पुरुषातही तीच गत. 'साहेब आले' आणि 'शिपाई आला' ही दोन वाक्ये कोणत्याही कार्यालयात सहज ऐकू येतात. वय शिपायाचे अधिक असले तरी क्रियापद बदलत नाही. एकही पदवी न वापरता या दोन प्रत्ययांनी कार्यालयाची सारी उतरंड सांगून टाकलेली असते.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून सत्ता आणि सलगी अशी दोन तत्त्वे मांडली. दोघेही परस्परांना 'तू' म्हणतात तेव्हा ती सलगी असते. दोघेही 'तुम्ही' म्हणतात तेव्हा औपचारिक समता असते. एक 'तू' म्हणतो आणि दुसरा 'तुम्ही' म्हणतो तेव्हा ती सत्ता असते. म्हणजे अनादर 'तू' या शब्दात नसतो, तो देवाणघेवाणीच्या विषमतेत असतो.

पालघर परिसरात हे तत्त्व विशेष उपयोगी पडते. किनाऱ्यावरील वाडवळी, मांगेली, आगरी आणि डोंगरपट्टीतील वारली, कोकणा या बोलींत वडीलधाऱ्यांना एकेरी संबोधणे हे बहुधा अनादराचे मानले जात नाही. आदर तेथे नात्याच्या शब्दातून, स्वरातून, वागण्यातून व्यक्त होतो. अशा बोलीत वाढलेला माणूस कचेरीत येऊन अधिकाऱ्याला 'तू' म्हणाला, तर तो आपल्या भाषेच्या शिष्टाचाराप्रमाणे सभ्यच असतो. प्रमाण मराठीच्या कानाला मात्र तो अडाणी किंवा उर्मट वाटतो. उलट प्रमाण मराठी उत्तम जाणणारा कर्मचारी जेव्हा त्याच माणसाला 'तू काल का नाही आलास?' असे विचारतो, तेव्हा तो आपल्या स्वतःच्या भाषेचा शिष्टाचार जाणूनबुजून मोडत असतो. दोघांचे 'तू' ऐकायला सारखे आहे. पण एक अज्ञानातून नव्हे तर समतेच्या बोलीतून आलेले आहे आणि दुसरे सत्तेतून. एकाला आपण सुधारू पाहतो, दुसरे आपल्याला खटकतही नाही.

एका शासकीय कार्यालयात प्रस्तुत लेखकाने हे अनुभवले आहे. खिडकीपुढील रांगेत लेखकाच्या पुढे साठी उलटलेल्या एक आदिवासी बाई होत्या. त्यांना 'तुझा कागद कुठंय?' असे विचारले गेले आणि क्षणभराने त्याच तोंडाने लेखकाला 'सर, आपण बसा ना' असे सांगितले गेले. बोलणारा तरुण दुष्ट नव्हता. बाईंचे काम त्याने केलेही. परंतु कोणाला 'तू' आणि कोणाला 'आपण' हे ठरवण्यासाठी त्याला एक पळही लागला नाही. कपडे, वय, बोली आणि जात यांचा हिशेब त्याच्या जिभेने परस्पर केला होता. अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी, की लेखकानेही ती खुर्ची स्वीकारली.

येथे १९४५ च्या वारली लढ्याची आठवण अपरिहार्य आहे. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात त्याची कहाणी सांगितली आहे. वेठबिगारी संपवणे हा त्या लढ्याचा मुख्य प्रश्न होता; पण वेठ ही केवळ श्रमाची नसते. ताठ उभे राहून, डोळ्याला डोळा भिडवून बोलता येणे हाही तिच्या अंताचा एक भाग असतो. त्या लढ्याला आठ दशके लोटली असताना त्याच प्रदेशातील कचेऱ्यांत कोणत्या सर्वनामाने बोलले जाते, हा म्हणूनच किरकोळ प्रश्न ठरत नाही.

सेवक, सेविका आणि अधिकारी

संबोधनांचा विचार पदनामांना वगळून करता येत नाही. राज्य स्थापन झाल्यावर १९६२ साली भाषा संचालनालयाने 'पदनाम कोश' प्रसिद्ध केला. आचार्य अत्रे यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून खिल्ली उडवली. परंतु जिल्हाधिकारी, सचिव, संचालक हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत, हे त्या कोशाचे यश मान्य केले पाहिजे. त्याच्या संस्कृतप्रचुरतेवर पुष्कळ टीका झाली. तुलनेने कमी चर्चिला गेलेला मुद्दा असा, की त्यातून 'अधिकारी' हा शब्द प्रशासनाचा कणा बनला. कायद्यात त्याच व्यक्तीला 'लोकसेवक' म्हटले जाते. भरती करणारी संस्था 'लोकसेवा आयोग' असते. नेमणूक झाल्यावर मात्र 'सेवा' गळून 'अधिकार' उरतो.

ग्रामीण प्रशासनात 'ग्रामसेवक' हे एक पदनाम याला अपवाद होते. गावाशी असलेले नाते त्या पदनामातच सांगितलेले होते. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव देण्यात आले. तलाठ्यांचेही 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. या कर्मचाऱ्यांची प्रतिष्ठेची मागणी समजण्यासारखी आहे. ज्या व्यवस्थेत 'सेवक' म्हणवणाऱ्याला कमी लेखले जाते, तेथे तो 'अधिकारी' होऊ इच्छितो, यात त्याचा दोष नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे. परंतु 'सेवा' हा शब्द आता कोणाकडे उरला, हे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, मदतनीस. अल्प मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांकडे तो शब्द गेला. त्यांना हाक मारताना 'आशाताई' असे म्हटले जाते. त्या हाकेत आपुलकी असते, पण तिच्या बरोबर 'अधिकार' कधीच येत नाही.

स्त्री-अधिकाऱ्यांच्या संबोधनाचा गोंधळही येथेच नोंदवावा लागेल. वरच्या पदावरील स्त्रीला 'मॅडम' किंवा थेट 'साहेब', मधल्या पदावर 'बाई' आणि खालच्या पदावर 'ताई' वा 'मावशी', अशी एक अलिखित श्रेणी रूढ आहे. महिलांसाठी राखीव असलेल्या सरपंचपदावर निवडून आलेल्या बाई गावात 'सरपंचबाई' असतात आणि 'सरपंच साहेब' ही हाक कित्येकदा त्यांच्या यजमानांना मारली जाते. पद कायद्याने एकीकडे दिले, संबोधन समाजाने दुसरीकडे वळवले. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'राष्ट्रपती' हा शब्द स्त्रीला कसा लावावा याची चर्चा रंगली होती. ती भाषिक कुतूहलाची होती. सरपंचबाईंचा प्रश्न त्याहून अधिक गंभीर आहे.

नात्यांच्या हाका

यावर असा आक्षेप घेता येईल, की महाराष्ट्राने किताबांना स्वतःचे उत्तर शोधले आहे. ते म्हणजे नात्यांचे शब्द. वसंतदादा पाटील, आर. आर. आबा, प्रत्येक तालुक्यातील भाऊ, नाना, अण्णा, ताई. सत्तेला घरातले नाव दिल्याने ती जवळची होते, हे खरेच आहे. 'महामहिम'पेक्षा 'दादा' केव्हाही बरा.

तथापि नात्याची हाक ही दुधारी असते. दादाकडे जावयाचे ते हट्ट धरायला, मागणे मागायला. दादाने ऐकले तर त्याचे प्रेम, न ऐकले तर त्याची मर्जी. दादाला मुदतीत उत्तर देण्याचे बंधन घालता येत नाही, त्याच्याविरुद्ध अपील करता येत नाही. 'मेहेरबान' हा शब्द ज्या जागी होता, त्याच जागी 'दादा' आला तर मधले अंतर कमी झाल्यासारखे वाटते, पण संबंधाचा प्रकार तोच राहतो. शिवाय ही हाक एकाच दिशेने जाते. मतदार नेत्याला दादा म्हणतो. वयाने मोठ्या मतदाराला दादा म्हणून त्याच्यापुढे उभा राहणारा नेता निवडणुकीच्या दिवसांनंतर क्वचितच भेटतो.

इतरत्रचे अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. १७८९ साली अमेरिकेत पहिल्या राष्ट्राध्यक्षाला काय म्हणावे यावर वाद झाला. जॉन ॲडम्स यांच्यासारख्यांना भारदस्त उपाधी हवी होती. शेवटी साधे 'मिस्टर प्रेसिडेंट' हे संबोधन टिकले. ती सुधारणाही वरच्या भागापुरतीच होती. स्वीडनमधील बदल अधिक मूलगामी ठरला. तेथे अपरिचिताला किंवा वरिष्ठाला थेट सर्वनामाने न संबोधता पदवीने, तृतीय पुरुषात बोलण्याची रीत होती. आपल्या 'साहेबांनी पाहावे' या धर्तीची. १९६७ साली तेथील शासकीय आरोग्य प्रशासनाचे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपण सर्व सहकाऱ्यांशी एकेरी सर्वनामाने आणि नावाने बोलणार, तेही आपल्याशी तसेच बोलू शकतात, असे जाहीर केले. ही चाल आधीपासून रुजत होती. त्यांच्या घोषणेने तिला चेहरा मिळाला. महत्त्वाचे असे की पहिले पाऊल वरच्याने उचलले आणि नियम दोन्ही दिशांना सारखा ठेवला.

आपण स्वीडनप्रमाणे सर्वांनी सर्वांना 'तू' म्हणावे, असे येथे सुचवावयाचे नाही. मराठीतील आदरार्थी बहुवचन हे या भाषेचे सौंदर्य आहे आणि ते गमावण्याचे कारण नाही. वारली बोली समता 'तू'ने साधते, प्रमाण मराठी ती 'तुम्ही'ने साधू शकते. प्रश्न रूपाचा नाही. ते दोन्ही बाजूंना सारखे असण्याचा आहे.

समारोप

आदर काढून घेऊन समता आणण्यापेक्षा आदर वाटून ती आणणे मराठीच्या प्रकृतीला अधिक मानवणारे आहे. त्यासाठी मोठ्या कायद्याची गरज नाही. पहिली गोष्ट, आमदारांसाठी उठून उभे राहण्याचा निर्णय जसा लिखित स्वरूपात निघतो, तसाच कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला 'तुम्ही' किंवा 'आपण' असेच संबोधावे, एवढी एका ओळीची लिखित सूचना निघावी आणि ती नागरिकांच्या सनदेच्या फलकावर लागावी. आज अनेक कार्यालयांच्या भिंतींवर नागरिकाला उद्देशून असलेला सर्वांत ठळक मजकूर सरकारी कामात अडथळा आणल्यास होणाऱ्या शिक्षेचा असतो. जुन्या कलम ३५३ ची जागा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ने घेतली, पण फलकाचा स्वर तोच आहे. दुसरी गोष्ट, सर्व शासकीय अर्जांचे नमुने माहितीच्या अधिकाराच्या नमुन्याप्रमाणे पदनाम आणि मागणी यांपुरते मर्यादित व्हावेत. तिसरी गोष्ट मात्र शासनाकडे मागण्याची नाही. ती आपल्या हातातली आहे.

महाविद्यालयाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'मा. ना.', 'मा. खा.', 'मा. आ.' यांची चढती भाजणी आपणच छापतो. उपस्थितांचा नामोल्लेख करण्यात कार्यक्रमाचा पहिला अर्धा तास आपणच घालवतो. आणि त्याच सभागृहातील खुर्च्या मांडणाऱ्या कर्मचाऱ्याला, तो निवृत्तीला आला असला तरी, एकेरी हाक मारतो. आपला विद्यार्थी हे सारे पाहत असतो. उद्या तोच कचेरीच्या खिडकीमागे बसणार आहे. पत्रलेखनाच्या तासाला त्याला 'आज्ञाधारक' हा शब्द शिकवायचा की 'अर्जदार' हा, याचा निर्णय मंत्रालयात होत नाही.

माहीमची कचेरी पालघरला गेली, पालघरला जिल्हा झाला, कार्यालये जवळ आली. खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्या साठी उलटलेल्या बाईंना 'तुमचा कागद दाखवता का?' असे विचारले जाईल, तेव्हा ते उरलेले अंतरही कमी झाले असे म्हणता येईल.